उभी काडी

डोळ्यावरची पट्टी सुटली आणि मिसाओला सगळ्यात आधी दिसला तो चहाचा पेला. पेला कसला, दवाखान्यातलं साधं भांडं, यंत्रानं छापलेल्या नक्षीचं, काठाचा एक टवका उडालेलं. असल्या पेल्याकडे आरितासारख्या चिनीमातीच्या गावातलं शेंबडं पोरही वळून बघणार नाही. पण त्याच्या गळ्याभोवतीची निळी पट्टी तिच्या उजव्या डोळ्यात अशी काही शिरली की पेल्याकडे निघालेला हात वाटेतच थांबला. नर्स खाली वाकली आणि म्हणाली, "दुखतंय का आजी?" मिसाओ म्हणाली, "नाही. निळं आहे." नर्सनं पेल्याकडे पाहिलं, "हो, निळाच आहे तो," असं म्हणत हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. मिसाओनं उजवा डोळा मिटला. डावा डोळा अजून जुनाच होता, त्याची पाळी पुढच्या महिन्यात. डाव्या डोळ्याला पेल्यावर एक मळकट करडी पट्टी दिसली, जशी गेली कित्येक वर्षं जगातली प्रत्येक पट्टी दिसत होती. मग तिनं डावा मिटून उजवा उघडला. निळी. पुन्हा डावा. करडी. पुन्हा उजवा. अडुसष्ट वर्षांची बाई खाटेवर बसून एकामागून एक डोळे मिचकावत होती आणि समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा काही भलताच समज झाला असावा, कारण त्यानं घाईघाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला हसू आलं. हसताना डोळ्यावर ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी ती हसली.

मग त्या दिवसभर तिनं दुसरं काही केलं नाही, नुसती निळं वेचत राहिली. नर्सच्या कपड्याची किनार निळी. खिडकीखाली चाललेल्या बांधकामावर टाकलेली प्लास्टिकची ताडपत्री, जिच्याकडे बघून एरवी तिनं नाक मुरडलं असतं, ती इतकी निळी की बघून पोट भरावं. फुकुओकासारख्या शहरात निळ्या रंगाची एवढी उधळमाधळ चालते आणि लोक खाली माना घालून चालतात, याचं तिला नवल वाटलं. मुलगी, नाहोको, संध्याकाळी भेटायला आली तेव्हा तिच्या हातातली शिरसुद्धा मिसाओला निळी दिसली आणि ती शीर तिनं बोटानं चाचपून पाहिली. नाहोको म्हणाली, "आई, तू अशी काय बघतेस? मला भीती वाटते." मिसाओ म्हणाली, "तू जन्मलीस तेव्हा बघितलं होतं तसं बघतेय. तेव्हा नाही घाबरलीस." दोघी हसल्या. असा आनंद तिला कधी झाला होता ते आठवू गेलं तर थेट पंचविसाव्या वर्षापाशी जावं लागत होतं, जेव्हा तिनं रंग भरलेली पहिली वाटी लाकडाच्या भट्टीतून अख्खी बाहेर आली होती.

आणि त्या वाटीपाशीच आनंदाला ठेच लागली. कारण वाटीवरून तिला रंगाचं भांडं आठवलं, भांड्यावरून भट्टीत ठेवलेली थाळी आठवली, आणि मिसाओ बोटांवर वर्षं मोजायला लागली.

हिशेब साधा होता. तिच्या डोळ्यांवर सात-आठ वर्षं मोतीबिंदूचा पडदा चढत होता, डॉक्टर म्हणाले तसा, हळूहळू, पिवळट. कोऱ्या चहाच्या रंगाचा. चहातून बघितलं तर निळं कसं दिसायचं? मंद. मेलेलं. आणि याच सात-आठ वर्षांत ती प्रत्येक भट्टीनंतर करवादत होती की निळा उतरत नाही, रंगात दम राहिला नाही, खाणीतनंच वाईट येतो, हल्लीचे लोक दगड नीट कुटत नाहीत. आणि दर खेपेला आपल्या भांड्यात पूड थोडी जास्त घालत होती. भट्टीतून निळा मेलेला आला की अजून थोडी. म्हणजे या सगळ्या वर्षांत आरितातल्या इवानागांच्या भट्टीतून तिच्या हातची जी भांडी लोकांच्या घरी गेली, त्यांवर निळा नव्हताच. त्यांवर काळंकुट्ट काहीतरी होतं, आणि निळा मेला होता तो फक्त तिच्या डोळ्यात. त्रेचाळीस वर्षांची अब्रू, आणि त्यातली शेवटची आठ वर्षं काजळी.

आता ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना वाटेल, भांड्यातला रंग निळा आहे की काळा हे कळायला डोळ्यांवर पडदा कशाला हवा. पण अर्धवट भाजलेल्या भांड्यावर लावताना तो निळा नसतोच. तो असतो कढईच्या बुडाला धरलेल्या काजळीसारखा. मिसाओनं आयुष्यात निळा रंग कधी लावला नाही. लावला तो काळा, निळा केला तो आगीनं. ती काळी पूड खलात दिवसेंदिवस घोटायची, जाड पानांचा कडक चहा उकळून गार करून गाळायचा आणि त्यात ती कालवायची, कारण नुसत्या पाण्यात ती तळाला बसते, चहात धरून राहते. किती पूड आणि किती चहा हे ज्याचं त्याचं. आरितात रेघा पुरुषांच्या आणि भरण बायकांचं, हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण इवानागांकडे अजून तसंच चालतं. पुरुष बारीक कुंचल्यानं रेघ ओढतो आणि बाई मुठीएवढ्या जाड कुंचल्यात रंग भरून घेऊन, बोटांनी तो दाबत दाबत, रेघेच्या आत पाण्याचं तळं फिरवते. भाजकं भांडं तहानलेलं असतं, ते तळं कुठं थांबलं की तिथेच पितं आणि डाग धरतं. म्हणून थांबायचं नाही आणि रेघेबाहेर जायचं नाही. आणि एक नियम, जो तिला भरण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या हात्सूबाईनं पहिल्याच दिवशी मनगटावर चापट मारून शिकवला होता: दुसऱ्याच्या रंगाच्या भांड्याला हात लावायचा नाही. भूकंप झाला तरी नाही. कुणाचं भांडं पडत असेल तर पडू द्यावं, असं हात्सूबाई म्हणायची आणि एकदा तिनं खरंच पडू दिलं होतं.

मिसाओचं भांडं म्हणजे कधीकाळी भट्टीत जरा वाकडा झालेला एक खोल वाडगा होता, आतल्या बाजूला उभा करकोचा काढलेला. तोकुजीनं काढलेला. संध्याकाळी ती करकोच्याच्या गुडघ्यापर्यंत रंग कालवून ठेवायची, वर झाकण. आणि सकाळी झाकण काढलं की रंग करकोच्याच्या पोटाला लागलेला असायचा. हे असं किती वर्षं चाललं होतं! पहिल्यांदा तिला वाटलं, दमट हवेनं होत असेल. मग वाटलं, आपणच पोटापर्यंत भरला आणि विसरलो. ती एका खापरीवर तारीख घालून लिहून ठेवायला लागली: गुडघे. सकाळी खापरी म्हणायची गुडघे आणि भांडं म्हणायचं पोट. दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही, कारण तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मिठाऐवजी साखर, मग तांदळाच्या डब्यात चपला, मग एके दिवशी मिसाओलाच, "तुम्ही कुणाच्या घरच्या?" मिसाओ खापऱ्या मागच्या ओढ्यात फेकून द्यायची, जिथं तीनशे वर्षांच्या फुटक्या भांड्यांचे तुकडे पडलेले असतात, आणि पुन्हा थोडी पूड घालून कामाला बसायची. भीती आत ठेवायची सवय झाली की ती कोपऱ्यातल्या छत्रीइतकी घरातली होते. तशी झाली होती.

तोकुजी म्हणजे तिच्यासमोर त्रेचाळीस वर्षं बसलेला रेघेचा माणूस. चौऱ्याहत्तर वर्षांचा, दिवसाला वीस पेले चहा पिणारा, बोलला तर टोचून बोलणारा. त्याच्या रेघेच्या आत मिसाओनं भरलेलं पाणी एकत्र केलं असतं तर समुद्र झाला असता. दोघांत प्रेमबीम काही नव्हतं, तसलं काही शोधणाऱ्यांची निराशा होईल. ती आपल्या गेलेल्या नवऱ्यासाठी रडली होती आणि त्यानं आपल्या बायकोच्या आजारपणात डोळ्यात तेल घालून सेवा केली होती. पण सकाळी आठला समोर तोकुजी नसला तर तिचा कुंचला कोरडा पडायचा. आणि यंदा उन्हाळ्यात त्यानं सहज, पेला खाली ठेवता ठेवता, सांगून टाकलं होतं की शरदातल्या लाकडाच्या भट्टीनंतर तो काम सोडणार. तिनं विचारलं, "का?" तो म्हणाला, "कंटाळा आला." तिला इतका राग आला की ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. कंटाळा! नातवंडांनी म्हणायचा शब्द तो.

वर्षभर गॅसची भट्टी चालते, लाकडाची एकदाच. त्या भट्टीसाठी तोकुजीनं एक दोन हात रुंदीची थाळी घेतली आणि तिच्यावर दुसरं काही काढलं नाही, नुसतं पाणी. ना मासा, ना बगळा, ना होडी. काठापासून काठापर्यंत लाटांच्या रेघा, हजारो, पाच आठवडे. त्याची शेवटची थाळी. त्या रेघांच्या आत पाणी भरायचं ते मिसाओनं. दवाखान्याची तारीख बदलून मिळेना, म्हणून ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं भांडं कालवलं, आणि शेवटच्या थाळीचं पाणी खोल दिसलं पाहिजे म्हणून नेहमीच्या दुप्पट पूड घातली. गुडघ्यापर्यंत. पहाटे येऊन झाकण काढलं तर पोटापर्यंत. गाडीची वेळ होत आली होती, पुन्हा कालवायला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला भांड्याकडे बघवेना. तिनं तसंच भरलं. दोन तास, न थांबता. मग हात धुऊन गाडीत बसली.

आता फुकुओकात, मुलीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात, निळ्या आभाळाखाली, ती थाळी तिला दिसत होती: दुप्पट पूड. पाणी नाही, डांबर. आणि त्या डांबराखाली तोकुजीच्या पाच आठवड्यांच्या रेघा बुडून मेलेल्या. भरण गडद झालं की रेघ गिळतं, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. भट्टी पेटवताना देवापुढे मीठ आणि साकेचा पेला ठेवायला ती त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिथं नव्हती. शुनसाकूनं, म्हणजे इवानागांच्या आताच्या मालकानं, ज्याला तिनं कामाच्या टेबलाखाली रांगताना पाहिलं होतं, त्यानं फोनवर सांगितलं होतं की आग छान चढली, आच कळावी म्हणून लोखंडी सळईनं ओढून काढलेल्या नमुन्याच्या कड्यांवरची काच आरशासारखी वितळली होती, तोंड लिंपून टाकलंय, पाच दिवसांनी उघडू. ते पाच दिवस उद्या पुरे होत होते.

"मी उद्या जाते," मिसाओ म्हणाली.

नाहोकोनं भाताचा चमचा खाली ठेवला. "डॉक्टरांनी धूळ, धूर, राख, काही म्हणजे काही चालणार नाही म्हणून सांगितलंय. आणि तू कुठे जाणार? भट्टीत."

"भट्टीत नाही. भट्टीपाशी."

"फोटो पाठवायला सांगते शुनसाकूला."

"फोटोत निळा दिसत नाही," मिसाओ म्हणाली, आणि मग तिला वाटलं आपण आठ वर्षं फोटोतच राहत होतो.

नाहोको आईवर गेलेली. तिनं वाद घातला नाही, सकाळी औषधाच्या दुकानातून डोळ्यांना घट्ट बसणारा एक प्लास्टिकचा चष्मा आणला, आईच्या डोक्यावर चढवला आणि स्टेशनवर सोडून आली. गाडीत मिसाओ खिडकीशी बसली. भात कापून झालेली शेतं, उतारावर संत्र्यांची झाडं, आणि त्यांच्या वर ते आभाळ. तिनं पैज लावल्यासारखा उजवा डोळा मिटला: चहाच्या रंगाची शेतं, चहाच्या रंगाचं आभाळ, संत्री मात्र तशीच. म्हणून तर मला कळलं नाही, तिच्या मनात आलं. पिवळं, तांबडं, सगळं माझ्यापाशी राहिलं होतं, फक्त एकच गेलं आणि ते मी रोज हातात धरून बसले होते. एक स्वेटर आठवला. तोकुजीच्या सुनेनं दिलेला, सात-आठ वर्षांपूर्वी. तो घालून तो पहिल्या दिवशी आला तेव्हा ती म्हणाली होती, "काळा तुम्हाला शोभत नाही हो, मयताला निघाल्यासारखे दिसता." तोकुजी उलट काहीतरी टोचून बोलणार म्हणून ती थांबली होती. पण तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि मग त्यानं चहा ओतून घेतला. तिला तेव्हा वाटलं, लागलं बिचाऱ्याला. स्वेटर का आठवला ते तिला कळलं नाही, आणि गाडी बोगद्यात शिरली तेव्हा तो डोक्यातून गेलाही. आत एकच वाक्य फिरत राहिलं: तोकुजीसान, मी तुमचं पाणी बुडवलं. हे त्याला कसं सांगायचं याचे तिनं चार-पाच प्रकार करून पाहिले, आणि प्रत्येक प्रकारात शेवटी तो म्हणत होता, "कंटाळा आला."

आरितात उतरून ती जुन्या भट्ट्यांच्या विटांनी बांधलेल्या भिंतींच्या गल्लीतून चढत गेली. त्या विटांवर आगीनं ओघळलेली काच कुठे हिरवी, कुठे तपकिरी, आणि एका विटेच्या कडेला, जिथून ती हजारो वेळा गेली होती, अंगठ्याएवढा निळा थेंब. कुणाच्या तरी भांड्यावरून तीनशे वर्षांपूर्वी उडालेला असेल. मनात एवढी धास्ती असताना तो थेंब बघून तिला आनंद झाला आणि आनंद झाला म्हणून ती स्वतःवरच वैतागली.

भट्टीचं तोंड उघडलेलं होतं. डोंगराच्या उतारावर एकामागे एक चढत गेलेल्या घुमटांतून अजून ऊब येत होती, आणि भांडी असलेले मातीचे डबे हातोहात बाहेर येत होते. "मिसाओ मावशी!" शुनसाकू म्हणाला. "हे काय, पोहायला निघालात की काय?" ती म्हणाली, "तुला लहानपणी आंघोळ घातली तेव्हा असा चष्मा हवा होता मला. थाळी निघाली?" "आता काढतोय. तुमच्यासाठीच थांबलो. तोकुजीसान म्हणाले, ती येणार म्हणजे येणार, डोळा हातात घेऊन येईल." मिसाओनं पाहिलं. तोकुजी उरलेल्या लाकडांच्या ढिगावर बसला होता, हातात पेला, अंगात तो स्वेटर. आणि स्वेटर निळा होता. गडद, खोल, रात्र पडायच्या आधीच्या आभाळाचा निळा. ती स्वेटरकडेच बघत राहिली. तो म्हणाला, "काय बघतेस? मयताला नाही निघालो."

शुनसाकूनं आणि आणखी एकानं मोठा डबा उचलून सपाट दगडावर ठेवला. झाकण काढलं. ऊब आली, तिच्यामागून भाजक्या मातीचा वास. शुनसाकूनं हातमोज्यांनी थाळी उचलून उन्हात तिरपी धरली. मिसाओनं डोळे मिटून घेतले होते. तिनं आधी डावा उघडला, भित्रा माणूस आधी थंड पाण्यात अंगठा घालतो तसा. डाव्याला दिसलं नेहमीचं करडं, मेलेलं पाणी. मग तिनं तो मिटला आणि उजवा उघडला.

पाणी होतं. खरंखुरं, वाहतं, मधोमध खोल आणि काठाकडे उथळ होत गेलेलं निळं पाणी, आणि त्याच्या तळाशी नाही, वर, स्वच्छ, एकूण एक रेघ. एकही बुडालेली नव्हती. तिनं आपलं भरण शोधलं, कुठे थांबल्याचा डाग आहे का पाहिला, नव्हता. असा निळा तिनं हात्सूबाईच्या हातचाच पाहिला होता. आणि त्याच क्षणी तिला आणखी एक गोष्ट दिसली जी आठ वर्षांत दिसली नव्हती: तोकुजीच्या रेघा थरथरत होत्या. प्रत्येक लाट, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, अगदी बारीक कापत गेलेली. हात कापतो याचा. म्हणून सोडतोय. कंटाळा नाही आणि काही नाही. आणि त्या थरथरीनंच पाण्यावर वारा आला होता. तरुणपणच्या त्याच्या दगडासारख्या रेघेनं तो कधीच आला नसता. "छान निघाली," शुनसाकू हळूच म्हणाला, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

मिसाओ मात्र वळून कामाच्या खोलीत गेली. हे निळं तिचं नव्हतं. तिनं दुप्पट पूड घातली होती, ते तिला नक्की आठवत होतं, आणि आता या क्षणी तिला आपल्या आठवणीवर भरवसा वाटला, का ते सांगता येत नव्हतं. तिच्या जागेवर वाडगा तसाच होता, घाईत न धुता झाकून ठेवलेला. तिनं झाकण काढलं. पूड तळाला बसली होती, वर चहा नितळ झाला होता, आणि रंगाचं वर्तुळ करकोच्याच्या पोटावर स्पष्ट उमटलेलं होतं. ती वाडग्यावर वाकली. जुन्या डोळ्याला यापुढचं काही दिसलं नसतं. तळाच्या गाळात एक टोक रुतवून, नितळ चहात सरळ उभी, चहाच्या पानाची एक काडी होती.

मिसाओ चहा दोनदा गाळते, फडक्यातून. कधी कुंचल्याला एखादी काडी लागली की ती फडकं विरलं म्हणून नवं आणते. या सात-आठ वर्षांत तिनं किती फडकी आणली त्याला गणती नाही. या खोलीत चहा न गाळता पिणारा माणूस एकच.

ती तिथेच खाली बसली. गुडघे. पोट. गुडघे. पोट. ओढ्यात फेकलेल्या सगळ्या खापऱ्या खऱ्या होत्या. ती रोज थोडी पूड वाढवायची आणि सगळे गेल्यावर तो रोज थोडा चहा वाढवायचा, आणि ती अजून वाढवायची, आणि तो अजून. आठ वर्षं दोघं एका वाडग्यात, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, भांडत होते. संताप आला. माझ्या भांड्याला हात! हात्सूबाई असती तर मनगट मोडलं असतं. आणि संतापाच्या मागोमाग, त्याला ढकलून, दुसरं काहीतरी वर आलं: माझं डोकं शाबूत आहे. मी आईसारखी होत नाहीये. मी काही म्हणजे काही विसरले नव्हते. तिनं वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि उन्हात घेऊन गेली.

"तोकुजीसान," ती म्हणाली, "यात तुमचा चहा राहिलाय."

तोकुजीनं वाडग्यात पाहिलं. त्याला जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा खोलीत होता. "काडी आहे का?"

"आहे."

"उभी?"

"उभी."

"सांगायचं नसतं ते. चहात उभी काडी म्हणजे शुभशकुन, दिसली की गप गिळायची. शकुन जातो."

"आठ वर्षं तुम्ही गप गिळलंत, तेवढा शकुन पुरे झाला."

"सात," तो म्हणाला. "पहिलं वर्ष मी नुसताच बघत होतो. मला वाटलं तू मुद्दाम करतेस."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुंचला धुऊन खुंटीला लावला असतास. डोळ्याच्या डॉक्टरकडे जा म्हणून तीनदा सांगितलं, तर म्हणालीस, तुम्ही आधी कानाच्या डॉक्टरकडे जा." त्यानं चहाचा घोट घेतला. "आणि मला दुसऱ्या कुणाचं भरण आवडत नाही."

"आणि मला वाटत होतं माझं डोकं कामातून जातंय," मिसाओ म्हणाली. "संध्याकाळी गुडघे, सकाळी पोट. लिहून ठेवायचे मी, तोकुजीसान. आईचं तसंच झालं होतं."

तोकुजीच्या हातातला पेला थांबला. त्यानं तो लाकडावर ठेवला, आणि ठेवताना तो किणकिणला, कारण हात कापत होता. "ते माझ्या ध्यानात आलं नाही," तो म्हणाला. मग टोपी काढून त्यानं मान खाली घातली, चांगली खाली, आणि तशीच ठेवली. त्रेचाळीस वर्षांत त्याचा टाळू तिनं पहिल्यांदाच पाहिला. त्यावर उन्हाचा एक ठिपका पडला होता. तिला रडू यायला लागलं आणि ते पुरतं यायच्या आतच हसू आलं, आणि प्लास्टिकच्या चष्म्याच्या आत दोन्ही एकत्र जमा झाल्यानं तिला पुन्हा काही दिसेना.

"मान वर करा आता," ती म्हणाली. "लोक बघतायत. पुढच्या महिन्यात हा दुसरा डोळा आहे. तोवर हा डावा तसाच, खोटारडा. एका डोळ्यानं मला अंदाज यायचा नाही. सोमवारी आठला या."

"मी काम सोडलंय."

"रेघांचं सोडलंय. चहाचं कुठं सोडलंय?"

तोकुजीनं मान वर केली. तिकडे शुनसाकू थाळी उन्हात फिरवत होता आणि तिच्यावरचं पाणी दर वेळी वेगळ्या बाजूला वाहत होतं. मिसाओनं वाडगा त्याच्या हातात दिला, आणि वाडगा त्याच्या हातात थरथरला, पण तिनं तो परत घेतला नाही.

"आणि या खेपेला," ती म्हणाली, "गाळून आणा."